अकरा वाजताच्या खुर्च्या

आमच्या भागात कुठं काय बांधायचं आणि कुठं काय बांधू द्यायचं नाही हे कोण ठरवतं, असं विचारलं की लोक बोट वर करतात. वर म्हणजे नगरपालिकेचा तिसरा मजला. कुणी म्हणतं बिल्डर ठरवतात, कुणी म्हणतं मंत्री. मीही वीस वर्षं हेच म्हणत होते आणि म्हणताना मान हलवून एक सुस्कारा सोडत होते. आपण साधी माणसं, आपलं कोण ऐकतंय, असा तो सुस्कारा.

ऐकत होते ते माझंच. एवढं कबूल करायला मला वयाची एकाहत्तर वर्षं आणि भर सभेतली एक फजिती लागली.

त्याचं असं आहे. जागेबद्दल काही ठरवायचं असलं की नगरपालिका सुनावणी ठेवते. तळमजल्यावर मोठा हॉल आहे, त्यात ऐंशी खुर्च्या. सुनावणी नेहमी कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. आता तुम्हीच सांगा, कामाच्या दिवशी सकाळी अकराला मोकळं कोण असतं? ज्याचं घर स्वतःचं आहे, पेन्शन चालू आहे आणि पोरं मार्गी लागलीत, तो. भाड्यानं राहणारा त्या वेळी कुणाच्या तरी कामावर उभा असतो. हॉलमध्ये समोर नगरपालिकेचे साहेब बसतात, हरकती वाचतात, लोकांचं ऐकून घेतात. आमचा नगरसेवक पहिल्या रांगेत जरा तिरका बसतो, म्हणजे त्याला मागचा हॉल दिसतो. भाषणं तो ऐकत नाही. तो खुर्च्या मोजतो.

आणि खुर्च्या भरायचं काम माझं.

सुनावणीच्या दिवशी दहा वाजता मी चारही मजले चढायचे. एकेक दार वाजवायचे. "गुडघा दुखतोय हो" असं कुणी म्हणालं की माझं उत्तर तयार, "तिथं बसायचंय, नाचायचं नाहीये." शेजारच्या दोन इमारतींतही माझा शब्द चालायचा. मी शाळा पाहिली तिसरीपर्यंत, पण माघारी सगळे मला हेडमास्तरीण म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. आमचे हे नळजोडणीचं काम करायचे. अर्ध्या गावाचे पाइप त्यांच्या हातचे. ते गेले, मग माझ्या हाताला काम हवं होतं. मी इमारतीची कमिटी हातात घेतली आणि ती कधी सोडलीच नाही.

नर्सबायांसाठी चौकात वसतिगृह होणार होतं, ते मी होऊ दिलं नाही. मोठ्या घरांत भिंत घालून एक खोली भाड्यानं द्यायची परवानगी मिळणार होती, तीही आम्ही रोखली. दर वेळी नगरसेवकाचा फोन यायचा, "मावशी, तुमच्यामुळे वाचलो बघा." मी फोन ठेवून आरशात बघून यायचे.

आता त्या कागदांचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप जळाला. नवा बसवायच्या परवानगीला वीस जणांच्या सह्या लागत होत्या आणि सगळे कामावर. तीन दिवस आम्ही बादल्या वाहिल्या. तेव्हापासून मी एक पद्धत पाडली. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं तीन कोऱ्या कागदांवर सही करून माझ्याकडे द्यायची. "सही खाली करा, वर जागा सोडा," मी दारात उभी राहून सांगायचे. कागद माझ्या शिलाई मशीनच्या खणात राहायचे. गरज पडली की तळमजल्यावरचे टायपिस्टसाहेब त्यावर मजकूर उतरवायचे. आयुष्यभर कचेरीत टाइप केलेला माणूस, कुठल्याही सहीच्या वर कितीही मजकूर बरोबर बसवायचा. एक ओळ कमी नाही, एक ओळ जास्त नाही. कोऱ्या कागदावर सही देताना कुणी कधी कुरकुर केली नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणा, किंवा माझ्या तोंडाला घाबरत होते म्हणा.

मागल्या वर्षी आमच्या मागच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. त्या जागेवर नगरपालिका एकशे चाळीस छोटी घरं बांधणार. भाड्यानं द्यायची. गावात नोकरी असलेल्या आणि नावावर घर नसलेल्या माणसांना. भाडं पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाणार नाही. अर्ज आतापासूनच घेणार, येतील त्या नंबरानं घरं.

मी नोटीस बोट ठेवून दोनदा वाचली आणि सरळ टायपिस्टसाहेबांचं दार वाजवलं.

"वहिनी, किती करू?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"खणात ज्यांच्या सह्या आहेत, त्या प्रत्येकाचा एक."

"त्यात भाडेकरूंचेही आहेत."

"सही ती सही. तुम्ही टाइप करा, डोकं माझ्याकडे द्या."

चौसष्ट हरकती झाल्या. गर्दी होईल, पाणी पुरणार नाही, आमच्या घरांच्या किमती पडतील. सगळ्यांवर मजकूर एकच. मी गठ्ठा स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. त्या चौसष्टात कुणाकुणाचे कागद आहेत हे मी पाहिलं नाही. पाहायची गरज काय, सगळी इमारत माझीच तर होती.

माझ्या घरात आम्ही चौघं. मी, मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात. दोन खोल्या. मुलगा शीतगृहात माल उतरवून घेण्याच्या कामावर आहे, बोलायला कमी. सून इस्पितळात रक्त तपासते. दिवसभर काचेच्या पट्ट्यांवर नजर लावून बसते आणि संध्याकाळी डोळे चोळत येते. नातीला अभ्यासाला टेबल नाही, म्हणून ती इस्त्रीच्या टेबलावर वह्या पसरते. मला कपड्यांना इस्त्री करायची असली की ती वह्या उचलते. मी कपडे संपवले की पुन्हा पसरते. किती वर्षं हे चाललंय, मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

सुनेचं आणि माझं उघड भांडण कधी नव्हतं. ती भांडतच नाही, तेच मला सलायचं. मी बोलायचे, ती ऐकायची. मीठ कमी, कपडे उशिरा, पोरगी फार वाचते, मोलकरणीसारखी बस पकडून धावतेस, असलं रोजचं. आणि घर माझ्या नावावर आहे हे मी महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या निमित्तानं ऐकवायचे. एकदा तर म्हणाले, "पटत नसेल तर दार उघडं आहे." ती गॅस पुसत होती. पुसतच राहिली.

सुनावणीच्या दिवशी मी बेचाळीस माणसं नेली. अकराला पाच मिनिटं असताना मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या रांगेत माझी सून. खांद्याला कामाची पिशवी, केस घाईत बांधलेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. इतक्या वर्षांत ती माझ्या एकाही सभेला आली नव्हती. माझा ऊर भरून आला. म्हटलं, शेवटी हिलाही कळलं, आपली सासू कोण आहे ते.

शेजारी दाताच्या डॉक्टरांची बायको होती. तिला कोपर मारून म्हणाले, "बघा, सून आली आज."

"तुमचं भाषण ऐकायला हो," ती म्हणाली.

म्हणून त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त बोलले. माइकची मला कधी गरज लागली नाही. पाण्याचं बोलले, गटारांचं बोलले. मग हॉल हसावा म्हणून म्हणाले, "भाड्यानं राहणारं माणूस म्हणजे बसमधलं माणूस. आज या खिडकीशी, उद्या त्या. त्याला सीटची माया कुठली? खुशाल फाडून ठेवेल. चाळीस वर्षं आम्ही हा भाग पोराबाळासारखा जपला आणि आता ही माणसं आमच्या मागच्या खिडकीसमोर कपड्यांच्या दोऱ्या बांधणार!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. नगरसेवकानं मान डोलावली. मी मागे पाहिलं. सून हसत नव्हती, पण ती कधीच हसत नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मग साहेब हरकतींची यादी पाहू लागले. वयानं माझ्या मुलाएवढे. पाहता पाहता थांबले, दुसरा कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

"इथे एक गंमतच आहे," ते म्हणाले. "घरासाठी आलेल्या अर्जांमध्ये एकशे बारा नंबरवर ज्या बाईंचं नाव आहे, त्याच बाईंची ही घरं बांधू नका अशी हरकतही आहे. पत्ता तोच. म्हणजे मला घर द्या, पण बांधू नका!"

हॉल खो खो हसला. मीही हसले. कोण ही शहाणी, म्हणून मान उंचावून पाहिलं. मग साहेबांनी नाव वाचलं.

माझं हसू तसंच तोंडावर राहिलं. मला ते आवरायलाही सुचलं नाही.

सून उठून उभी राहिली. पिशवी खांद्यावरच होती.

"या दोन्ही सह्या तुमच्याच का?" साहेबांनी विचारलं.

"हो. दोन्ही माझ्याच."

"मग तुमचं नेमकं म्हणणं काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. रागानं पाहिलं असतं तर मी तोंड दिलं असतं, मला राग पेलता येतो. तिनं पाहिलं ते पोरीची चूक लपवताना आई बघते तसं.

"मला घर हवंय," ती म्हणाली. "हरकतीच्या कागदावर मी न वाचता सही केली."

"न वाचता?" साहेबांनी चष्मा काढला. "कुठे काम करता?"

"इस्पितळात. रक्त तपासते."

"तिथेही न वाचताच सही करता का हो?"

पुन्हा हशा. माझ्या मागे बसलेलं कुणीतरी म्हणालं, "शिकून काय उपयोग!" मीच आणलेलं माणूस ते, मीच दारावर थाप मारून उठवलेलं. मी फक्त उभं राहून चार शब्द बोलायचे होते. साहेब, ते कागद माझ्या खणातले, मजकूर माझा, तिचा काही दोष नाही. वीस वर्षं त्या हॉलमध्ये मी न विचारता बोलत आले. त्या दिवशी मी पदराशी चाळा करत खुर्चीत बसून राहिले.

साहेबांनी तिला एक फॉर्म दिला. आठ दिवसांत हरकत मागे घेतल्याचं लिहून द्या, नाहीतर घराचा अर्ज बाद होईल, म्हणाले. तिनं फॉर्मची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि कामावर निघून गेली. अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती.

परत येताना टायपिस्टसाहेबांच्या कपाळावर घाम होता. "वहिनी, ती बोलली असती तर आपण दोघं गेलो होतो. मोठ्या मनाची आहे हो तुमची सून."

"चला पुढे," मी म्हणाले. "पायऱ्या पाहून उतरा."

संध्याकाळी ती भाजी चिरत होती. नात इस्त्रीच्या टेबलावर नकाशा रंगवत होती. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "घरासाठी अर्ज केलास, सांगितलं नाहीस."

"तुम्हीच म्हणाला होतात ना आई, दार उघडं आहे. बाहेर काय आहे ते बघत होते."

मी तरीही थांबले नाही. "मग तिथं सांगितलं का नाहीस, की मी लिहिलं म्हणून?"

तिनं विळी आडवी केली. "सांगितलं असतं तर साहेबांनी तुम्हाला उभं केलं असतं. खोट्या हरकती कुणी केल्या, कशा केल्या, सगळं विचारलं असतं. सगळ्या हॉलसमोर. जमलं असतं तुम्हाला?"

"मला सगळं जमतं."

"हो का?" ती अगदी हळू म्हणाली. "मग उभ्या का नाही राहिलात?"

नातीनं रंगाचा ब्रश पाण्यात घातला आणि ढवळत राहिली, ढवळत राहिली. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मुलगा आला, त्याला कुणीतरी वाटेतच सांगितलं असावं. त्यानं बूट काढले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, तू जेवलीस का?" बस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी दिवस मोजू लागले. आठातले पाच गेले. तिनं फॉर्म दिला का, हे विचारायची माझी छाती होईना. सहाव्या दिवशी ते सगळे कामावर गेले आणि मी इस्त्री करायला टेबलावरचं जाड कापड झटकलं, तर त्याच्या खालून फॉर्म निघाला.

मी चष्मा लावून बोट ठेवून वाचला. तिनं सगळा भरला होता. नाव, पत्ता, एकशे बारा नंबर, हरकत मागे घेत आहे, खाली सही. एकच चौकोन कोरा होता. त्यावर छापलं होतं, "मूळ हरकतीचा मजकूर कोणी लिहिला?"

तेवढ्यासाठी फॉर्म अडला होता. माझं नाव लिहायचं नव्हतं तिला आणि खोटंही लिहायचं नव्हतं. म्हणून इस्त्रीच्या कापडाखाली घर ठेवून ती रोज कामावर जात होती.

मी तिथंच टेबलाला टेकून उभी राहिले. आमची इमारत बांधली तेव्हाचं आठवलं. कामगारांना स्वस्तात घरं म्हणून सरकारनंच बांधली होती ही इमारत. आम्ही ट्रंक घेऊन आलो त्या दिवशी समोरच्या बंगल्यातली बाई नाकाला रुमाल लावून फाटकात उभी होती. आमच्या ह्यांनी तिला हसून नमस्कार केला. तिनं रुमाल काढला नाही. ती बाई मी आयुष्यभर विसरले नव्हते, कितीदा नातीला नक्कल करून दाखवली होती. फक्त तिच्या फाटकात मी स्वतः केव्हा जाऊन उभी राहिले, ते मला कळलं नव्हतं.

त्याच दुपारी नगरसेवक आला, फळांची पिशवी घेऊन. बसला, पंखा मोठा करायला सांगितला.

"मावशी, सुनेला म्हणावं शांत राहा. एक अर्ज बाद झाला तर काय बिघडतं? पण त्या चौसष्ट हरकतींबद्दल कुणी खोलात शिरलं तर सगळ्याच पडतील. तिच्यासाठी मी दुसरीकडे बघतो काहीतरी."

"तुला स्वतःला काय वाटतं रे," मी विचारलं, "ती घरं व्हावीत की नाही?"

तो हसला. "मला वाटून काय करायचंय? खुर्च्या जिकडे, तिकडे मी."

"आणि बिल्डरनं सांगितलं तर?"

"बिल्डरला मी गोड बोलून टाळतो. त्याचं मत एक. तुमच्यामागे तीन इमारती आहेत, मावशी. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब मला विचारतात, मी तुम्हाला विचारतो. मग वर कोण बसलंय, तुम्हीच सांगा."

तो हे मला खूश करायला म्हणाला. एक आठवडा आधी मी झालेही असते. त्या दिवशी मला वाटलं, यानं माझ्या तोंडावर काहीतरी फेकून मारलं.

"फळं घेऊन जा," मी म्हणाले. "नातीला खोकला आहे." खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला मी नगरपालिकेच्या खिडकीशी उभी होते. एकटी. त्या इमारतीत मी इतकी वर्षं जात होते, पण मागे माणसं नसताना पहिल्यांदाच गेले. फॉर्म पुढे सरकवला.

"हा चौकोन कोरा आहे, आजी," खिडकीतली बाई म्हणाली.

"तोच भरायला आलेय. पेन द्या."

मी माझं नाव लिहिलं. सही मी रोज करते, पण सही ही सवय असते. नाव अक्षर अक्षर लिहायला मला वेळ लागला. मागे रांग होती. कुणीतरी घसा खाकरला.

"अक्षर नीट लागत नाही हो. पुन्हा लिहा, वर." ती बाई म्हणाली. मी पुन्हा लिहिलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ही एकच हरकत तुम्ही लिहिली की आणखी?"

"चौसष्टच्या चौसष्ट."

रांगेतलं खाकरणं थांबलं. मला आत साहेबांकडे नेलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, मी बसले नाही. कागद कसे गोळा करते, खणात कसे ठेवते, सगळं सांगितलं. टाइप कुणी केलं, ते तेवढं सांगितलं नाही.

"आजी, हा गुन्हा आहे, कल्पना आहे ना?"

"आता आली."

"त्या दिवशी सुनेला मी सगळ्यांसमोर बोललो. तुम्ही तिथेच होतात."

"पहिल्याच रांगेत होते, साहेब."

त्यांनी फॉर्म फायलीत लावला. मग लेखी ताकीद दिली, चौसष्ट हरकती रद्द केल्या आणि सुनावणी नव्यानं ठेवली. सुनेचा अर्ज पुन्हा यादीत गेला. नंबर तोच, एकशे बारा.

घरी येऊन मी मशीनचा खण रिकामा केला. उरलेले कोरे कागद घेऊन चारही मजले फिरले. ज्याचा त्याला परत. कुणी गप्पच घेतला, कुणी म्हणालं, "राहू दे ना तुमच्याकडेच." एका भाडेकरू पोरीनं स्वतःची सही पाहिली आणि विचारलं, "माझा एक वापरला का?" मी हो म्हणाले. तिनं दार लावून घेतलं, आपटलं नाही. तिनंही घरासाठी अर्ज केला होता का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सुनेला फॉर्मची पोच दिली. तिनं ती दोनदा वाचली, चौकोनातलं माझं वाकडं नाव पाहिलं आणि कपाटात ठेवली. म्हणाली, "जेवायला वाढू?"

दुसऱ्या सुनावणीला मी कुणाचंही दार वाजवलं नाही. तरी हॉल भरला. दाताच्या डॉक्टरांच्या बायकोनं दारं वाजवली होती. कशी वाजवायची, किती वाजता, गुडघेदुखीवर काय म्हणायचं, सगळं माझ्याकडूनच शिकलेली. त्रेचाळीस हरकती आल्या आणि या वेळी सह्या वाचून केलेल्या. घरं हवीत म्हणणारी माणसं तीन. मी, पायाला प्लास्टर म्हणून घरी असलेला एक गवंडी आणि एक बाळंतीण. बाकीचे अकराला कुठं असणार, ते कामावर. सुनेला रजा मिळाली नव्हती.

मी उभी राहिले. "मागल्या वेळी मी भाड्याच्या माणसांबद्दल बसचं बोलले," मी म्हणाले. "ते परत घेते. तेव्हा माझी सून मागे बसली होती..."

"मावशी, घरी फार झालं वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. अगदी तसाच, जसा मी त्याला वीस वर्षं हसायला शिकवला होता. पुढचं माझं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. मी माइक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा. तो चालू नव्हता.

नगरसेवक तिरका बसला होता. त्यानं मागे पाहिलं, ओठ हलवत मोजलं आणि उठून म्हणाला, दोन्ही बाजूंचा मान राखून मधला मार्ग काढू. एकशे चाळीसऐवजी सत्तर घरं. उरलेल्या जागेत बाग. बाकांसकट. टाळ्या पडल्या.

मी पायीच घरी आले. संध्याकाळी सून आली, पिशवी खुंटीला लावली.

"किती?" तिनं विचारलं.

"सत्तर."

तिला हिशोब करायला वेळ लागला नाही. एकशे बारा नंबर. तिनं नातीला वह्या उचलायला सांगितलं आणि स्वतःचा कामाचा डगला इस्त्रीच्या टेबलावर पसरला. मी तिच्या हातातून इस्त्री घेतली. तिनं दिली. कॉलरवर रक्ताचा एक जुना डाग होता, कितीही धुतला तरी न गेलेला. मी त्यावरून दोनदा इस्त्री फिरवली.

"खालच्या रस्त्याला गिरणीची जागा आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तिथं पण घरं होणार म्हणतात. सुनावणी लागेल. मला रजा नाही मिळणार."

"मला वेळ आहे," मी म्हणाले.

आयुष्यभर हे वाक्य मी ताठ मानेनं म्हणत आले. त्या दिवशी ते डगल्याकडे बघत म्हणाले.